ट्रॅकचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल : एका सीझनच्या वापरानंतर

पहिल्या पिढीच्या माझ्या माझदा एमएक्स-५ मधले १.६ लिटरचे इंजिन आजही मूळचेच आहे. हवेचा फिल्टर आणि सायलेन्सर वगळता त्याला मी हात लावलेला नाही. सस्पेन्शन मात्र बदललेले आहे, टायर सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे, जवळजवळ गुळगुळीत) आहेत आणि गेल्या सीझनपासून ट्रॅकवर चारही चाकांना ट्रॅकसाठी बनवलेले ब्रेक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबले जाऊन गाडी थांबवणारे तुकडे) असतात. हे परीक्षण त्या पॅडचे आणि त्यांच्या जोडीने भरलेल्या ब्रेक ऑइलचे आहे. पॅडच्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण एकाच कंपनीच्या पॅडच्या दोन मिश्रणांत जेवढा फरक जाणवतो तेवढा पुष्कळदा दोन कंपन्यांतही जाणवत नाही. विकत घेताना डब्यावरची तापमानाची मर्यादा आधी वाचावी, नाव नंतर.

ही खरेदी मी शहाणपणाने केली असे म्हणता येणार नाही. रस्त्यावरच्या साध्या पॅडवर आणि कधी भरले होते तेही न आठवणाऱ्या ऑइलवर मी एका ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर चालवण्याच्या दिवसाला, गेलो होतो. तिसऱ्या सेशनमध्ये आधी जळका वास आला. मग पेडल नेहमीसारखे घट्ट लागत असूनही गाडी थांबेना, आणि पुढच्याच लॅपला सर्वांत लांब सरळपट्टीच्या शेवटी तेच पेडल थेट तळाला टेकले. दोनतीनदा भराभर दाबून थोडाफार ब्रेक मिळाला, तोवर वळण हुकले होते आणि मी बाहेरच्या खडीत जाऊन थांबलो. गाडीला ओरखडाही आला नाही. या दोन खुणा वेगवेगळ्या आहेत, हे मात्र तेव्हा कळले : पेडल घट्ट असून गाडी थांबत नसेल तर पॅडने दम सोडलेला असतो, आणि पेडल खाली जात असेल तर ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पायाचा सारा जोर त्या वाफेतच विरतो.

इतक्या लहान गाडीला एवढी उष्णता कुठून येते, असे मला त्या दिवसापर्यंत वाटत असे. चालकासह ११०० किलोंची गाडी ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर आणायची, तर सुमारे ८ लाख जूल ऊर्जा जिरवावी लागते, आणि चांगल्या टायरवर हे काम जेमतेम तीन सेकंदांत उरकते. त्या तीन सेकंदांत ब्रेक जेवढी शक्ती पचवतात ती माझ्या इंजिनाच्या शक्तीच्या तिपटीच्या आसपास जाते. हे दर लॅपला चार-पाच ठिकाणी घडते आणि मधल्या वेळात डिस्क पुरती थंड होत नाही.

ऑइल मी मोट्युल आरबीएफ ६०० निवडले. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या मानकानुसार नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरला तरी चालतो; या ऑइलसाठी कंपनी हेच आकडे ३१२ आणि २०५ असे देते. संपूर्ण सीझनमध्ये पेडल एकदाही मऊ पडले नाही. तरीही हे ऑइल ग्लायकोलचे आहे आणि असे कोणतेही ऑइल हवेतले पाणी शोषतेच, त्यामुळे प्रत्येक ट्रॅक डेपूर्वी मी चारही कॅलिपरमधून (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागांमधून) थोडे ऑइल काढतो आणि पारदर्शक नळीत बुडबुडा दिसतो का ते पाहतो. (डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ग्लायकोलचे डॉट ५.१ समजून ते भरू नये.) हे काम करताना एक थेंब मडगार्डवर सांडला आणि जेवणानंतर पाहतो तो तिथला रंग फुगून वर आला होता. आता शेजारी पाण्याची बाटली ठेवूनच मी हवा काढायला बसतो.

पॅडची खरी ओळख दुसऱ्या लॅपपासून होते. पहिल्या लॅपला ते थंड असतात, लाकडी वाटतात आणि पहिल्या वळणाला नेहमीपेक्षा बरेच आधी ब्रेक लावावा लागतो. एकदा तापले की पायाच्या दाबागणिक पकड वाढत जाते आणि विसाव्या मिनिटालाही पेडल पहिल्या मिनिटाच्याच उंचीवर राहते. माझा लॅपचा वेळ कमी झाला तो एवढ्या विश्वासामुळेच. मात्र नवे पॅड बसवून लगेच ट्रॅकवर जाऊ नये. ताशी १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा जोरात ब्रेक लावायचा, गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही, आणि मग ब्रेकला पाय न लावता तिला निवू द्यायचे. डिस्कवर पॅडच्या मिश्रणाचा एकसारखा करडा थर दिसला की काम झाले. मी पहिल्या जोडीच्या वेळी घाई केली, गाडी गरम असतानाच पार्क करून हँडब्रेक ओढला, आणि पॅडचा ठसा मागच्या डिस्कवर उमटून पुढचा सगळा दिवस पेडल थरथरत राहिले.

तक्रारी आहेत. रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला हे पॅड असे किंचाळतात की लोक वळून पाहतात. त्यांची धूळ ओली झाली की चाकाच्या रंगात गंजासारखी रुतते आणि ब्रशनेही निघत नाही. डिस्क साध्या पॅडपेक्षा खूपच लवकर झिजते. पॅड तिरके झिजल्याचेही मला आढळले, पण तो दोष पॅडचा नव्हे : एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या होत्या आणि ग्रीस लावताच तो प्रकार थांबला.

रोजच्या वापराच्या गाडीत हे पॅड कायम ठेवावेत असे मला वाटत नाही, कारण अचानक मूल आडवे आले तर त्या क्षणी पॅड थंडच असणार. म्हणून आता ट्रॅकवर पोहोचल्यावरच मी ते चढवतो आणि निघताना उतरवतो. साधे पॅड ट्रॅकच्या पॅडचा थर खरवडून काढतात असा अनुभव आल्यापासून डिस्कची जोडीही निराळी ठेवली आहे; ती डिकीत तेलकट कागदात गुंडाळलेली असते, आणि डाव्या-उजव्या डिस्कवर खडूने तशी खूण केलेली असते.