सिंगापूरच्या सामुदायिक वर्गांतील ताई ची आणि चीगोंग : १४ महिन्यांनंतर

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर खांबांमधली जी मोकळी जागा असते, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे रोज सकाळी सातच्या सुमारास १५-२० वयस्क मंडळी अतिशय संथपणे हातपाय हलवत असतात, हे मी सिंगापूरला आल्यापासून ९ वर्षे पाहत होते आणि कामावर जाण्याच्या घाईत त्यांना वळसा घालून पुढे जात होते. त्यांच्यात जाऊन उभे राहावे असे वाटले ते डाव्या गुडघ्यामुळे. ५२व्या वर्षी गुडघ्याची झीज सुरू झाल्याचे निदान झाले, फिजिओथेरपीची ठरलेली सत्रे संपली आणि ‘आता व्यायाम तुमचे तुम्ही चालू ठेवा’ असे सांगण्यात आले. भिंतीला टेकून एकटीने करायचे ते व्यायाम मी जेमतेम तीन आठवडे केले. मग घराजवळच्या कम्युनिटी क्लबमध्ये ताई चीच्या वर्गाला नाव घातले. त्याला आता १४ महिने झाले. या काळात दोन वेगळे वर्ग, दोन कार्यशाळा आणि बागेतला रोजचा सराव असे सगळेच करून पाहिले, आणि त्यातले काय उपयोगी पडले, काय नाही, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी नावांचा घोळ निस्तरणे बरे, कारण तो माझ्याही डोक्यात बरेच दिवस होता. ‘ताई ची’मधला ची आणि ‘चीगोंग’मधला ची हे चिनी भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ टोक, परिसीमा. त्याचा चिनी उच्चार ‘जी’ असा होतो. दुसरा ची म्हणजे श्वास, वाफ आणि ओघानेच प्राणशक्ती. ताई चीचे पूर्ण नाव ताईजीछुआन; छुआन म्हणजे मूठ, त्यावरून मुष्टियुद्ध. ही मुळात लढण्याची विद्या आहे आणि तिचा माग हेनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावातील चेन घराण्यापर्यंत लागतो. त्या घराण्याकडून शिकलेल्या यांग लूछानने (१७९९–१८७२) ती बीजिंगला नेली, आणि त्याचा नातू यांग छंगफू याने तिला आज दिसते ते संथ, सलग आणि मोठ्या हालचालींचे रूप दिले. याच यांग शैलीवरून १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने २४ हालचालींचा एक छोटा संच बसवला. बहुतेक वर्गांत सुरुवातीला शिकवतात तो हाच, आणि सलग केला तर पाच-सहा मिनिटांत संपतो. चीगोंग हे त्या मानाने सैल नाव आहे. श्वास, शरीराची ठेवण आणि लक्ष यांना एकत्र बांधणाऱ्या अनेक जुन्या प्रकारांसाठी ते १९५०च्या दशकापासून रूढ झाले. प्रकार मात्र फार जुने आहेत. चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात १९७३ साली रेशमी कापडावरचे एक चित्र सापडले, त्यात असे व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या रंगवलेल्या आहेत.

माझा पहिला वर्ग चुकीचा निघाला. कोणता ते सांगत नाही. पण चाळीस माणसे, एक शिक्षक आणि पुढे लावलेला मोठा स्पीकर अशी ती व्यवस्था होती. शिक्षक उत्तम करून दाखवत आणि आम्ही मागून नक्कल करत असू. नक्कल करताना हातच दिसतात. पायांचे काय चालले आहे ते पुढच्या माणसाच्या आडून कळत नाही, आणि या विद्येत सगळे काम पायांचे असते. तिसऱ्या आठवड्यात वळण्याची एक हालचाल मी सगळा भार डाव्या पायावर ठेवूनच केली, पाऊल जमिनीला चिकटलेले राहिले आणि गुडघा मुरगळला. पुढचे पंधरा दिवस जिना उतरताना मी कठडा सोडला नाही. ज्या दुखण्यासाठी गेले तेच वाढवून आणले, हे घरी सांगायलाही अवघड वाटत होते.

सुदैवाने ऑफिसातल्या एका सहकारिणीच्या आईमुळे दुसऱ्या वर्गाचा पत्ता लागला. तिथे बाराच माणसे होती आणि शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. सगळे त्यांना ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, याच शब्दाने हाक मारतात. त्यांनी पहिल्या दिवशी मला हात हलवूच दिले नाहीत. पाठीमागे हात बांधून, सबंध तासभर, फक्त चालायला लावले. आधी टाच टेकायची, मग तळवा, मग हळूहळू त्या पायावर भार सोडायचा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा आणि बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. वळायचे झाले तर आधी भार मागच्या पायावर घ्यायचा, मोकळ्या झालेल्या पुढच्या पायाची बोटे टाचेवर फिरवायची, आणि मगच पुन्हा त्यावर यायचे. माझा गुडघा का मुरगळला ते त्या एका तासात समजले. दुसरी चूकही त्यांनीच दाखवली. दोन्ही पावले मी एकाच रेषेत, डोंबारीण दोरीवर चालते तशी ठेवत होते आणि मग तोल जातो म्हणून खांद्यांनी सावरत होते. पावले रेल्वेच्या दोन रुळांवर असावीत, मध्ये वीतभर अंतर हवे. एवढा बदल केल्यावर डुगडुगणे निम्म्याने थांबले.

लाओशींचे इंग्रजी मोजके आणि माझे मँडरिन शून्य, तरी अडचण अशी आली नाही. आकडे आठवडाभरात पाठ झाले. ‘फांग सोंग’ म्हणजे सैल सोडा, हे दोन शब्द त्या तासाभरात निदान पन्नास वेळा उच्चारतात. सैल सोडणे म्हणजे गळून जाणे नव्हे, हे कळायला मात्र मला सहा महिने लागले. लहानपणी शाळेत लेझीम खेळलेल्या माणसाला ठोक्याविना हालणे फार जड जाते. पुढच्या ठोक्याची वाट पाहत शरीर आतून ताठ राहते. माझा उजवा खांदा असाच सतत वर चढलेला असे. शेजारी उभ्या राहणाऱ्या आंटी काही न बोलता त्यावर दोन बोटांनी टिचकी मारत आणि तो खाली आला की मान डोलवत.

दर आठवड्याला एक किंवा दोन नव्या हालचाली, अशा गतीने २४ हालचाली पुऱ्या व्हायला पाच महिने लागले. नावे सुंदर आहेत: रानघोड्याची आयाळ दुभागणे, पांढऱ्या क्रौंचाचे पंख पसरणे, माकडाला मागे हटवणे, ढगांसारखे हात फिरवणे. नवख्या माणसाला मात्र नावांपेक्षा दिशांचा त्रास होतो. संचात आपण फिरतो, मागेही सरकतो, आणि ज्यांच्याकडे पाहून करत होतो ते अचानक पाठीमागे जातात. म्हणून नव्या माणसाला कधीच कडेला उभे करत नाहीत. घोळक्याच्या मधोमध ठेवतात, म्हणजे तोंड कोणत्याही दिशेला असले तरी समोर जाणते कुणीतरी असते. पहिल्या वर्गात मी संकोचाने शेवटच्या रांगेत उभी राहत होते, यातच निम्मे नुकसान झाले होते. तुम्ही जाणार असाल तर मध्ये उभे राहा.

तासाच्या आरंभी २० मिनिटे चीगोंग असते, आणि गुडघा सोडला तर बाकी शरीराला जास्त फायदा त्याचाच झाला असे माझे मत आहे. प्रकाराचे नाव बा दुआन जिन, म्हणजे जरीच्या वस्त्राचे आठ तुकडे. चीनच्या क्रीडा प्रशासनाने २००३ मध्ये चीगोंगचे जे चार संच प्रमाणित केले त्यांतला हा एक आहे. दोन्ही तळहात आकाशाकडे उचलणे, डावी-उजवीकडे धनुष्य ओढणे, मान वळवून मागे पाहणे, वाकून पावलांना हात लावणे, अशा सात हालचाली आणि शेवटी चवड्यांवर उंच होऊन टाचा सात वेळा जमिनीवर सोडणे. दिवसभर संगणकावर जमाखर्च पाहणाऱ्या माझ्या पाठीला धनुष्य ओढण्याने जे मिळाले ते महागड्या खुर्चीने दिले नव्हते. आठव्या प्रकाराने सगळे आजार जातात असे परंपरा म्हणते. माझे काही गेले नाहीत, पण पोटऱ्यांत बळ आले.

आता कार्यशाळांविषयी. पहिली दोन दिवसांची होती, शुल्क ३८० सिंगापुरी डॉलर, म्हणजे १२ तासांच्या सबंध सामुदायिक सत्राला मी जे ८० डॉलर भरते त्याच्या पाचपटीला जवळ. तळहात समोरासमोर धरून त्यांच्यामधला ‘उर्जेचा गोळा’ जाणवून घ्यायचा, मग तो दुसऱ्याच्या दुखऱ्या भागाकडे सोडायचा, असा एकंदर कार्यक्रम होता. तळहात उबदार होतात, मुंग्याही येतात, हे खरे आहे. खांदे सैल सोडून दहा मिनिटे शांत उभे राहिले की घरीही होतात. पण त्यावरून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करता येतील असे सुचवले गेले, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. पैसे परत मिळाले नाहीत. जाहिरातीत बरे करण्याचा दावा असेल तर तिथे जाऊ नये, एवढे यातून शिकले.

दुसरी कार्यशाळा एकाच दिवसाची होती, लाओशींनीच पाठवले होते, आणि १४ महिन्यांतला तो सर्वांत मोलाचा दिवस ठरला. विषय होता तुइशौ, म्हणजे हातांनी ढकलणे. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, मनगटाला मनगट लावायचे आणि ते न सोडता गोल फिरवत एकमेकांचा तोल शोधायचा. माझ्या वाट्याला माझ्या खांद्याएवढ्या उंचीच्या एक आंटी आल्या. मी हात ताठ केला की त्या त्याच हाताच्या आधाराने मला मागे लोटत, जणू मीच त्यांना पकडायला दांडा दिला होता. म्हणून हात ढिला सोडला, तर तो माझ्याच छातीशी चेपला जाई आणि मी पुन्हा दोन पावले मागे. तासाभरात मी वीस-पंचवीस वेळा तरी हलले, त्या एकदाही नाही. दुपारी केव्हातरी त्यांचा दाब आला आणि मी हात न आखडता, न सोडता, कंबर वळवून मागच्या पायावर बसले. दाब माझ्या बाजूने निघून गेला आणि त्या अर्धे पाऊल पुढे आल्या. आंटी मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, ‘फांग सोंग!’ सहा महिने ऐकलेल्या शब्दाचा अर्थ मला मनगटात कळला. संथ हालचालींमध्ये आपण नेमके काय करत असतो ते तुइशौशिवाय समजत नाही. पण संच येत नसताना ही कार्यशाळा केली असती तर नुसती ढकलाढकली झाली असती.

परिणामांचे बोलायचे तर जिने उतरणे जवळजवळ दुखण्याविना होते, मांडी घालून बसणे अजून जमत नाही. डोळे उघडे ठेवून डाव्या पायावर मी आरंभी ७ सेकंद उभी राहू शकत होते, आता ३० सेकंद सहज राहते. मोजे उभ्याने घालते आणि चालत्या डबलडेकर बसचा जिना न घाबरता उतरते. वजन तसूभर उतरले नाही, आणि दम लागण्याजोगा हा व्यायाम नसल्याने वेगाने चालणे मी वेगळे चालू ठेवले आहे. गुडघ्याबाबत माझ्या अनुभवाला बाहेरचा आधारही आहे. बोस्टनच्या संशोधकांनी २०१६ साली गुडघ्याची झीज असलेल्या २०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा ताई ची करणाऱ्यांना फिजिओथेरपी घेणाऱ्यांइतकाच आराम पडला होता. ते वर्ग जाणत्या शिक्षकांनी घेतले होते, हे मात्र विसरू नये.

सरावाचे म्हणाल तर आठवड्याच्या एका वर्गाने काही होत नाही. मी रोज सकाळी बिशान बागेत पाऊण तास जाते, तिथल्या गटाला ना नोंदणी ना शुल्क. पहाटे पश्चिमेकडून वादळी सर आली की सगळे निमूटपणे जवळच्या व्हॉइड डेकखाली सरकतात आणि सोडली तिथून पुढची हालचाल सुरू करतात. बूट पातळ, सपाट तळाचे घ्या. धावण्याच्या बुटांच्या जाड तळव्यात भार कुठे आहे तेच कळत नाही. चिनी नववर्षाला दोन आठवडे सगळे बंद असते.

दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा आईला बा दुआन जिन खुर्चीवर बसून शिकवले. ती ७८ वर्षांची आहे. पहिल्या दिवशी म्हणाली, “अगं, एवढं हळू करायचं तर स्वयंपाक कधी व्हायचा?” तिसऱ्या आठवड्यात मी निघाले तेव्हा तिने धनुष्य ओढण्याचा क्रम लिहिलेले चिठोरे कॅलेंडरला टाचून ठेवले होते. आठ प्रकारांपैकी ती पाच करते, चवड्यांवर उंच होण्याचा मी तिला करू दिला नाही.

माझेही एक जमायचे राहिले आहे. सतराव्या हालचालीत साप जमिनीलगत सरपटतो तसे एका पायावर पूर्ण खाली बसून दुसरा पाय लांब पसरायचा असतो. लाओशी सत्तरीत ते करतात, माझा गुडघा करू देत नाही. त्यांनी माझ्यासाठी एक उंची ठरवून दिली आहे, साधारण स्टुलाएवढी, आणि त्याखाली गेले की दुरूनच ‘नो, नो’ असे ओरडतात. पुढच्या सत्राचे ८० डॉलर मी गेल्या आठवड्यात भरले.