उफिझीचा वार्षिक पास: बरेच महिने वापरल्यानंतर

नोकरीनिमित्त फ्लोरेन्सला राहायला आल्यावर मी उफिझी कलादालनाचा वार्षिक पास काढला. उफिझी, नदीपलीकडचा पित्ती राजवाडा आणि त्यामागची बोबोली बाग, तिन्हीकडे वर्षभर हवं तितक्या वेळा जाता येतं. आता बरेच महिने तो वापरून झालाय, तेव्हा सविस्तर लिहिते.

पैशाचं आधी सांगते. साध्या तिकिटाशी तुलना केली तर चारेक फेऱ्यांत पास वसूल होतो. पण मला त्याचा खरा फायदा झाला तो निवांतपणाचा. दिवसाचं तिकीट काढून आलेला माणूस सगळं बघायच्या घाईत असतो, आणि त्याला दोष देता येत नाही. पास असला की एकाच चित्रासमोर अर्धा तास काढून सरळ घरी येता येतं. असं थांबून बघायला लागले तेव्हा एक प्रश्न पाठच सोडेना: हे सगळं कुणाच्या पैशानं झालं, आणि त्या पैशाला ही वाट कुणी दाखवली?

सुरुवात जेंतिले दा फाब्रियानोच्या, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या चित्रापासून करा, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. साल १४२३. लांबून डोळे दिपतात, इतकं सोनं आहे. जवळ जाऊन जरा बाजूनं पाहा. मुकुट आणि घोड्यांचा साज नुसत्या वर्खाचा नाही, खाली लेप चढवून त्याला उठाव दिलाय, त्यामुळे ते फळीतून अक्षरशः वर आलेले दिसतात. मागच्या मिरवणुकीत माकडं आहेत, शिकारी ससाणा आहे. हातावर ससाणा घेतलेला माणूस स्त्रोझ्झी घराण्यातलाच मानला जातो, कारण चित्राचे पैसे पाल्ला स्त्रोझ्झीचे. (खालच्या तीन छोट्या चित्रांपैकी एक नक्कल आहे, मूळ चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे.)

१४२७ साली शहरानं करासाठी घरोघरची मालमत्ता लिहून घेतली, त्यात पाल्ला सगळ्यांत श्रीमंत निघाला. पण हाच माणूस ग्रीक शिकला होता. १३९७ साली कॉन्स्टँटिनोपलहून मानुएल क्रिसोलोरास हा पंडित ग्रीक शिकवायला फ्लोरेन्सला आला, त्याला आणण्यासाठी झटणाऱ्यांत पाल्ला होता. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत म्हणतात. या घरात नांदल्या. सत्ता मात्र टिकली नाही. १४३४ मध्ये विरुद्ध गटातला पेढीवाला कोसिमो दे मेदिची हद्दपारीतून परतला आणि पाल्लाची रवानगी पादुआला झाली. तिथेही त्यानं ग्रीक ग्रंथांचा नाद सोडला नाही, आणि १४६२ मध्ये तिथेच त्याचा शेवट झाला.

प्रबोधनकाळाबद्दल आपण शाळेत शिकतो ते असं: व्यापार वाढला, पैसा आला, कला बहरली. इथं राहून माझं ठाम मत झालंय की हे अर्धंच खरं आहे. पैसा इतर शहरांतही होता. कशावर खर्च केला म्हणजे शोभतं, हे फ्लोरेन्समध्ये सिसेरो आणि अॅरिस्टॉटल वाचणाऱ्या लोकांनी सांगितलं. त्याआधी सावकाराच्या मनावर व्याजाच्या पापाचं ओझं असायचं आणि गरिबी हीच पुण्याची खूण मानली जायची. लिओनार्दो ब्रुनी या पंडितानं घरप्रपंच आणि धनव्यवहारावरचा, तेव्हा अॅरिस्टॉटलचा समजला जाणारा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला आणि तो अर्पण केला कोणाला, तर पेढीवाल्या कोसिमोला. सद्गुण दाखवायलाही हाताशी धन लागतं, हे श्रीमंतांना पटणारंच होतं. जोव्हान्नी रुचेल्लाई या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की कमावण्यापेक्षा चांगला खर्च करण्यात त्याला जास्त समाधान मिळालं. सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या दर्शनी भागावर, अगदी वर, भल्या मोठ्या रोमन अक्षरांत त्याचं नाव आणि १४७० हे साल आहे. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मिनिटांवर. मान वर करून जरूर वाचा, तिकीट लागत नाही.

चित्रांत हा बदल कसा उतरला? तो दर्शनी भाग आखणाऱ्या आल्बेर्तीनं १४३५ साली चित्रकलेवरचा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की सोन्याची वस्तू सोनं लावून दाखवण्यापेक्षा साध्या रंगांतून सोन्याची चमक उभी करणाऱ्या चित्रकाराचं कौतुक जास्त. म्हणजे किंमत मालाची नव्हे, हाताची. हे एका रात्रीत झालं नाही. १४८५ साली गिर्लान्दायोनं अनाथालयाच्या चित्रासाठी करार केला, त्यात निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिनवाला असावा असं कलम आहे. फ्लोरिन म्हणजे साडेतीन ग्रॅम सोन्याचं नाणं, आणि तो निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द या दगडाचा. बोत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या केसांतही सोन्याच्या बारीक रेघा आहेत. गर्दी कमी असताना तिरकं उभं राहिलं की दिसतात.

बोत्तिचेल्लीच्या दालनात गर्दीला पर्याय नाही. तिथं माझा जीव ‘वसंत’वर. उजवीकडे निळसर वायुदेव झेफिर क्लोरिसला पकडतोय आणि तिच्या तोंडातून फुलं बाहेर पडतायत. ही कथा रोमन कवी ओव्हिडची: क्लोरिसची फ्लोरा होते, म्हणून तिच्या शेजारीच फुलांच्या वस्त्रातली फ्लोरा उभी आहे. एकच स्त्री, आधीची आणि नंतरची. ओव्हिड वाचलेलं कुणी हाताशी असल्याशिवाय असं चित्र सुचत नाही, आणि ते घरात लावणारं गिऱ्हाईकही वाचणारंच लागतं. १४९९ च्या घरातल्या सामानाच्या यादीत ते लोरेन्झो दि पिएरफ्रान्चेस्को या मेदिची कुटुंबीयाकडे सापडतं.

मी सगळ्यांत जास्त वेळा गेले ती मात्र एका परदेशी चित्रासमोर. हुगो व्हान डर गूस या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकाराचं, येशूजन्माचं, तीन फळ्यांचं, जवळपास ६ मीटर रुंद. मेदिची पेढीच्या ब्रुज शाखेचा प्रमुख तोम्मासो पोर्तिनारी यानं ते करवून घेतलं आणि समुद्रमार्गे मायदेशी पाठवलं. मे १४८३ मध्ये ते फ्लोरेन्सला पोचलं तेव्हा उचलून न्यायला १६ हमाल लागले. याच तोम्मासोनं बर्गंडीच्या ड्यूकला बेसुमार कर्ज दिलं आणि शाखा बुडाली. चित्रात उजवीकडे तीन मेंढपाळ आहेत: काळवंडलेले हात, एकाचं तोंड उघडंच, दात पडलेले. बाकी सगळे अदबीनं शांत, आणि हे मात्र धावत आलेले. पोर्तिनारीच्या मुलांचे कपडे पाहा आणि मग या तिघांचे हात पाहा. मला वाटतं, त्या काळच्या श्रीमंत चित्रांत कष्टकऱ्याला इतकं खरं फार थोड्यांनी रंगवलंय. कारण शहर कुणाच्या जिवावर चालत होतं ते विसरू नये: १४२७ च्या नोंदीप्रमाणे वरच्या १०० घरांकडे शहराच्या संपत्तीचा चौथा हिस्सा होता, आणि १३७८ मध्ये लोकर पिंजणाऱ्या कामगारांनी बंड केलं तेही काही आठवड्यांतच मोडून काढलं गेलं.

या चित्राच्या गोष्टीचा पुढचा भाग पासात येत नाही, तो सांता त्रिनिता चर्चमध्ये आहे, चालत दहा मिनिटांवर. मेदिची पेढीचा मुख्य कारभारी फ्रान्चेस्को सास्सेत्ती याच्या छोट्या प्रार्थनागृहात गिर्लान्दायोनं १४८५ साली तसेच मेंढपाळ रंगवले. पण बाळ येशूच्या मागे गव्हाणीच्या जागी चक्क रोमन शवपेटी आहे. तिच्यावर लॅटिन मजकूर कोरलाय: जेरुसलेमच्या लढाईत पडलेला रोमन शकुनवेत्ता फुल्वियस म्हणतो, मला झाकणाऱ्या या पेटीतूनच देव येईल. मजकूर पूर्णपणे रचलेला, बहुधा सास्सेत्तीच्या ओळखीच्या एका पंडितानं. फ्लेमिश चित्रकाराचे मेंढपाळ, पंडिताचं लॅटिन, पेढीवाल्याचा पैसा, सगळं एका चौकटीत. दोन्ही बाजूंना सास्सेत्ती आणि त्याची बायको हात जोडून बसलेत. पेढीला तेव्हाच घरघर लागली होती. १४९४ मध्ये मेदिची शहरातून हाकलले गेले आणि पेढीही संपली.

आता व्यवहाराच्या गोष्टी. सोमवारी उफिझी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, त्यामुळे पासवाल्यांनी तो दिवस टाळावा. पित्ती राजवाड्यात चित्रं भिंतभर खच्चून लावलीत. रफाएलसाठी जा, बाकी डोकं भणभणतं. सान मार्को मठ पासात नाही, पण कोसिमोच्या पैशानं बांधलेलं तिथलं ग्रंथालय बघायला वेगळं तिकीट काढणं सार्थकी लागतं. पुस्तकं जमवता जमवता कर्जबाजारी झालेल्या निक्कोलो निक्कोलीचा संग्रह इथंच सर्वांसाठी खुला झाला. एक ध्वनी-मार्गदर्शक ॲप मी विकत घेतलं होतं, ते माझ्या उपयोगी पडलं नाही: रंग, रेषा, भाव सगळं सांगतं, पैसे कुणी दिले हे क्वचितच.

आपल्याकडच्या युरोप सहलींत फ्लोरेन्सला बहुतेकदा अर्धाच दिवस मिळतो. तेवढ्यासाठी पास घेऊ नका. सकाळी आधी सांता त्रिनिता, कारण ते दुपारी बंद होतं, मग उफिझीत फक्त जेंतिले आणि पोर्तिनारीचं चित्र, एवढंच करा. दोन-तीन महिने राहणार असाल, शिक्षणासाठी किंवा मुलांकडे आला असाल, तर पहिल्याच आठवड्यात पास काढा. मी माझा पुढच्या वर्षासाठी पुन्हा काढणार आहे, कारण पिएरो देल्ला फ्रान्चेस्कानं रंगवलेल्या उर्बिनोच्या ड्यूकच्या जोडचित्राची मागची बाजू अजून मनासारखी बघून झालेली नाही.