हवामान विभागाचे जिल्हानिहाय इशारे: तालुका नियंत्रण कक्षाच्या नजरेतून

पावसाळ्यात तालुक्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात बसणाऱ्यांच्या हाती भारतीय हवामान विभागाचे जिल्हानिहाय इशारे हे सर्वांत उपयोगी साधन असते, आणि बहुधा तेच सर्वांत घाईने वाचले जाते. हे इशारे विभागाच्या संकेतस्थळावर आणि २०२० मध्ये आलेल्या ‘मौसम’ ॲपवर विनामूल्य मिळतात. नकाशावर जिल्ह्याचा रंग हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा, इतकी सोपी मांडणी असल्यामुळे रात्रपाळीच्या शिपायापासून तहसीलदारांपर्यंत कोणालाही नकाशा क्षणात कळतो. मात्र घटनेची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम या दोहोंचा मेळ घालून रंग ठरतो, हे लक्षात न घेता अनेक जण रंगावरून थेट मिलिमीटर काढू पाहतात.

आकड्यांची बाजू चोख आहे. चोवीस तासांत ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ मिमीच्या पुढे अत्यंत मुसळधार, असे वर्ग ठरलेले आहेत. परंतु हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजले जातात, त्यामुळे संध्याकाळी कोसळलेल्या पावसाची अधिकृत नोंद दुसऱ्या दिवसाच्या तक्त्यात येते. शिवाय दोनशे मिलिमीटर दिवसभर रिमझिमत पडणे आणि तीन तासांत कोसळणे यांत नाल्याकाठच्या वस्तीसाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो या वर्गवारीत दिसत नाही. त्यासाठी विभागाचाच तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि ढग आणि पाऊस टिपणाऱ्या डॉप्लर रडारचे चित्र जोडीला उघडे ठेवावे लागते.

या सेवेची खरी मर्यादा जिल्हा या एककात आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा कुलाब्यात सुमारे ७३ मिमीच नोंद झाली होती. एकाच शहरात ही तफावत, तर उरणच्या खाडीपासून पोलादपूरच्या घाटापर्यंत पसरलेल्या रायगडला एकच रंग दिल्यावर त्यातून काय हाती लागणार? रायगडमधल्याच महाडचे उदाहरण अधिक बोलके आहे. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, म्हणजे महाडच्या पुराचे बरेचसे पाणी सातारा जिल्ह्यात पडलेले असते. त्यामुळे महाडच्या नियंत्रण कक्षाने रायगडच्या रंगाबरोबर साताऱ्याच्या घाटमाथ्याचा इशाराही वाचला पाहिजे, आणि नदी पुढे बाणकोटच्या खाडीला मिळत असल्याने भरतीचे वेळापत्रकही भिंतीवर हवे, कारण भरती चढत असताना पुराचे पाणी ओसरायला वेळ लागतो. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली होते आणि त्याच तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली. अशी दोन टोकांची संकटे एका रंगात मावत नाहीत.

वीज पडण्याच्या धोक्यासाठी या नकाशावर विसंबू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ ॲप त्या कामी अधिक नेमके आहे, कारण ते आपल्या ठिकाणापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातील धोका दाखवते, आणि भातलावणीच्या दिवसांत शेतात माणसे असताना तेवढेच हवे असते.

माझ्या मते आदल्या दिवशीचे निर्णय, म्हणजे बोटी कुठे ठेवायच्या, शाळांना सुट्टी द्यायची का, तलाठ्यांना गावीच थांबवायचे का, यांसाठी हे इशारे निःसंशय भरवशाचे आहेत. कोणती वाडी आज रात्री हलवायची हे मात्र महसूल मंडळातील ‘महावेध’ या स्वयंचलित हवामान केंद्रावरील पाऊस, पुलाच्या खांबावरची पातळी आणि पोलीस पाटलांचा फोन यांवरूनच ठरवावे. या तीनही गोष्टी दर तासाला एकाच नोंदवहीत लिहिण्याची शिस्त लावली, तर जिल्ह्याच्या रंगाची वाट पाहत बसण्याची वेळ सहसा येत नाही.