रॅम अडकली नव्हती : सीताबर्डीतल्या एका दुकानात माझी झालेली फसवणूक

मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहतो आणि गेली अनेक वर्षे घरूनच लग्नाच्या अल्बमचे डिझाइन करून देतो. 2024 च्या एप्रिलमध्ये संगणकाची रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते साठवणारी मेमरी, वाढवण्याच्या साध्या कामात माझी जी फसवणूक झाली, ती मी तपशिलाने लिहीत आहे, कारण ज्या पद्धतीने मला फसवले गेले ती पद्धत संगणक उघडण्याची भीती वाटणाऱ्या कुणावरही सहज वापरता येते.

माझा डेस्कटॉप 2018 साली घेतलेला आहे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, रॅम बसवायचे दोनच खाचे (स्लॉट) असलेला मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी, त्यात डीडीआर-4 प्रकारच्या 4 जीबीच्या दोन रॅम आणि दोन पंख्यांचे, 4 जीबी मेमरी असलेले लांब ग्राफिक्स कार्ड, असा तो जोडून घेतला होता. अल्बमचे एक पान 12 बाय 36 इंचाचे असते. ते 300 डीपीआयमध्ये, म्हणजे इंचाला 300 ठिपके या प्रमाणात, उघडले की साधारण 3 कोटी 89 लाख पिक्सेल होतात आणि फोटोशॉपमध्ये एकेका पूर्ण लेअरला (चित्राच्या एका थराला) शंभर एमबीहून जास्त मेमरी लागते. दहा-पंधरा लेअर आणि सोबत ब्राउझर उघडा असला की 8 जीबी पुरत नसे. मग रॅमऐवजी संगणक संथ डिस्कवर लिहीत बसे आणि मी पडद्याकडे पाहत बसे. लग्नसराईची कामे तोंडावर होती, म्हणून 8 जीबीच्या दोन रॅम टाकून एकूण 16 जीबी करायचे ठरवले.

नवीन रॅम विकत घेण्याआधी जुनी काढून पाहावी, तिच्यावरचे लेबल वाचावे, असा विचार करून एका रविवारी मी सीपीयूची बाजूची पत्र्याची झडप उघडली. आत धुळीचा जाड थर होता. तो ब्रशने झाडला आणि मोबाइलवर आतले चार-पाच फोटो काढले, त्यात दोन्ही रॅमवरची लेबले स्पष्ट आली. हे फोटो पुढे किती कामी येणार आहेत याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

रॅमच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे छोटे लॉक असते. ते बाहेरच्या बाजूला दाबले की रॅम थोडी वर उचलली जाते. वरचे लॉक सहज उघडले, पण खालचे अर्धेच उघडून थांबले. मी वरचे टोक धरून ओढले तेव्हा रॅम तिरकी झाली, कर्र असा आवाज आला आणि माझ्या हाताला घाम फुटला. ती तशीच पुन्हा खाली दाबली, झडप लावली आणि बटण दाबले, तर स्क्रीन काळीच राहिली आणि आतून लांब बीप येत राहिले. आपल्या हाताने मशीन बिघडले, ही खात्री त्या क्षणी माझ्या मनात बसली. पुढच्या फसवणुकीचा पाया तिथेच घातला गेला.

दुसऱ्या दिवशी सीपीयू स्कूटरवर पायाशी ठेवून मी बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीतल्या, एका दुकानात गेलो. तिथून व्हॉट्सॲपवर आधीच भाव मागवला होता आणि ‘8 जीबीच्या दोन, नवीन, तीन वर्षांची वॉरंटी, 3,800 रुपये’ असे उत्तर आले होते. काउंटरवरच्या माणसाला मी भाबडेपणाने सगळे सांगितले : रॅम काढता आली नाही, जोर लावला आणि आता मशीन सुरू होत नाही. त्याने झडप उघडून दोन सेकंद आत पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, घरी हात काहून लावला जी? स्लॉट तुटला न तुमचा. मदरबोर्डच जात होता.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “नवीन बोर्डाचे आठ हजार लागतील. मी स्लॉट रिपेअर करून पाहतो, पंधराशेत. तुम्ही उद्या या.”

मी स्लॉट कुठे तुटला ते दाखवा, असे विचारले नाही. माझीच चूक आहे असे ज्याने मनाशी धरले आहे, तो माणूस पुरावा मागत नाही. उलट आठ हजारांऐवजी पंधराशेत काम होते आहे याबद्दल मला त्याचे उपकार वाटले. मशीन मागच्या खोलीत गेले आणि मी रिकाम्या हाताने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन काउंटरवर सुरू करून दाखवले गेले. रॅमचे 3,800, स्लॉट दुरुस्तीचे 1,500 आणि मजुरीचे 300, असे 5,600 रुपये मी यूपीआयने दिले. बिल म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली, तिच्यावर ना दुकानाचे नाव, ना जीएसटी क्रमांक, ना रॅमचा अनुक्रमांक. ‘रॅम + रिपेअर, 5,600’ एवढेच होते. जुन्या रॅम मागितल्या तेव्हा “त्या शॉर्ट झाल्या, कामाच्या नाहीत” असे उत्तर मिळाले. स्क्रीनवर 16 ऐवजी 12 जीबी दिसत आहे हे माझ्या लक्षात आले आणि मी ते विचारलेही. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “चार जीबी ग्राफिक्सला जाते, भाऊ. ते विंडोजमध्ये दिसत नाही.”

हे उत्तर इतके पटण्यासारखे होते, कारण त्यात अर्धे सत्य होते. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, तिथे प्रोसेसरमधले ग्राफिक्स मुख्य मेमरीतला काही भाग खरोखरच वापरते. पण माझ्या मशीनमध्ये स्वतःची 4 जीबी मेमरी असलेले वेगळे कार्ड डोळ्यांसमोर लागलेले होते. त्याला माझ्या रॅममधून चार जीबी राखून ठेवण्याचे काही कारणच नव्हते. शिवाय असा भाग राखलेला असला तरी विंडोज बसवलेली रॅम पूर्णच दाखवते, म्हणजे 16 जीबी असेल तर 16 असाच आकडा येतो आणि त्यापुढे वापरता येण्याजोगी रॅम थोडी कमी लिहिलेली असते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

काम आधीपेक्षा बरे चालत होते, त्यामुळे महिनाभर मी काही बोललो नाही. मे महिन्याच्या शेवटी माझा भाचा सुटीत आमच्याकडे आला. तो अभियांत्रिकीला शिकतो. मी सहज त्याला चार जीबीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने काही न बोलता टास्क मॅनेजर हा विंडोजमधलाच प्रोग्राम उघडला आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर बोट ठेवले. तिथे एकूण मेमरी 12 जीबी, वापरलेले स्लॉट दोनपैकी दोन आणि हार्डवेअरसाठी राखीव मेमरी शंभर एमबीपेक्षाही कमी लिहिलेली होती. मग त्याने सीपीयू-झी हा मोफत मिळणारा प्रोग्राम उतरवून घेतला. त्याच्या एसपीडी या भागात एकेका स्लॉटमध्ये काय बसवले आहे ते वेगवेगळे दिसते. एका स्लॉटमध्ये 8 जीबीची रॅम होती, तिच्या उत्पादनाचे वर्ष 2018. दुसऱ्या स्लॉटमध्ये 4 जीबीची होती आणि तिचा पार्ट नंबर माझ्या मोबाइलमधल्या त्या रविवारच्या फोटोतल्या लेबलाशी तंतोतंत जुळत होता. म्हणजे ‘शॉर्ट झालेली’ माझीच जुनी रॅम माझ्याच मशीनमध्ये चालू होती.

त्यानंतर त्याने मशीन बंद केले, मागची वायर काढली, उरलेली वीज निघून जावी म्हणून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. पण रॅमला हात लावण्याआधी त्याने ग्राफिक्स कार्डचा स्क्रू काढला, त्याच्या स्लॉटच्या टोकाचे लॉक दाबले आणि कार्डच बाहेर काढून पलंगावर ठेवले. कार्ड निघताच रॅमची खालची लॉक मोकळी झाली आणि एका बोटाने पूर्ण उघडली. “मामा, रॅम अडकली नव्हती. कार्ड आडवं येत होतं,” तो म्हणाला. त्या दिवशी मशीन सुरू न होण्याचे कारणही तेवढेच होते : मी रॅम तिरकी करून पुन्हा दाबली तेव्हा ती नीट बसली नव्हती. रॅमला हात लावल्यावर स्क्रीन काळी राहिली तर बहुतेक वेळा ती नीट न बसणे हेच कारण असते. ती काढून, सोनेरी पिना साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून, दोन्ही लॉकचा टक् आवाज येईपर्यंत सरळ दाबली की काम होते.

एकच रॅम आधी एका स्लॉटमध्ये आणि मग दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून त्याने दोन्ही वेळा मशीन सुरू करून दाखवले. दोन्ही स्लॉट उत्तम होते. डीडीआर-4 च्या स्लॉटला 288 पिना असतात. तो बदलायचा तर मदरबोर्ड पूर्ण मोकळा करून एवढे सगळे जोड वितळवून नवा स्लॉट बसवावा लागतो. बोर्डावर मात्र कुठेही सोल्डरिंग (धातू वितळवून जोड) केल्याची खूण नव्हती आणि बोर्डाच्या स्क्रूंवर 2018 पासूनची धूळ तशीच होती. पंधराशे रुपये न केलेल्या कामाचे होते.

‘नवीन’ म्हणून दिलेली 8 जीबीची रॅम मी खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली. सोनेरी पिनांवर घासल्याच्या बारीक उभ्या रेषा होत्या, म्हणजे ती आधी कुठल्या तरी मशीनमध्ये लावली गेली होती. लेबलाचा एक कोपरा किंचित सुटला होता आणि त्याखाली दुसरे, पिवळे पडलेले लेबल होते.

दुकानात परत गेलो तेव्हा काउंटरवरच्या त्याच माणसाने सगळ्यात आधी पक्के बिल मागितले, जे त्याने मला दिलेच नव्हते. मी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचा भाव आणि माझे फोटो दाखवले, त्यावर “आमच्याकडून गेल्यावर तुम्ही काय बदललं ते आम्हाला काय माहीत?” असे तो म्हणाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. तिथे काही दिवस उत्तर न आल्यावर एका परिचित वकिलांच्या सल्ल्याने मी स्वतःच रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार विकलेल्या मालाचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. या तिन्ही गोष्टी मी नोटिशीत लिहिल्या आणि सोबत फोटोंच्या प्रती जोडल्या. पोचपावती परत आल्यावर चौथ्या दिवशी दुकानातून फोन आला.

न दिलेल्या दुसऱ्या रॅमचे 1,900 आणि दुरुस्तीचे 1,500, असे 3,400 रुपये मला परत मिळाले. वापरलेली रॅम बदलून देण्यास त्याने नकार दिला आणि अल्बमची कामे थांबलेली असल्याने मी आयोगापर्यंत गेलो नाही. ते मी करायला हवे होते, असे मला आजही वाटते. 2025 च्या अखेरीपासून मेमरीचे भाव फार चढले आहेत, त्यामुळे मशीन मागच्या खोलीत नेऊन रॅम बदलण्याचा मोह आता आणखी वाढला असणार. म्हणून कुणीही संगणक दुरुस्तीला देण्याआधी आतल्या प्रत्येक लेबलाचा फोटो काढावा, काम आपल्या समोर करून घ्यावे, काढलेला जुना भाग तिथेच ताब्यात घ्यावा आणि टास्क मॅनेजरमधला आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी 8 जीबीची रॅम मी जूनमध्ये वेगळ्या दुकानातून, अनुक्रमांक लिहिलेल्या पक्क्या बिलावर घेतली आणि आधी ग्राफिक्स कार्ड काढून ती स्वतःच बसवली. आता आकडा 16 जीबी दिसतो. माझी 4 जीबीची दुसरी जुनी रॅम मात्र परत मिळाली नाही. ती भंगारात गेली असे मला सांगण्यात आले.