ठेकेदाराकडेच राहायचं की ठोक मानधनावर जायचं?

माझा आतेभाऊ ऐरोलीला राहतो, आठ वर्षं एकाच पंप हाऊसवर ऑपरेटर आहे. संस्था सरकारी पण पगार ठेकेदाराचा, आणि या आठ वर्षांत ठेकेदार तीन झाले, पंप तोच. आता संस्था म्हणतेय ठेका बंद, तुम्हाला थेट घेतो, ठोक मानधन म्हणजे महिन्याला ठरलेली एकच रक्कम, सहा महिन्यांची ऑर्डर. ठेकेदार म्हणतो कशाला, माझी तळोज्याला एमआयडीसीत दुसरी साइट आहे तिकडे चल. घरी तर आत्या पेढे आणायला निघाली होती, म्हटलं थांब जरा, आधी ऑर्डर वाचू.

ऑर्डरमध्ये दुसऱ्याच ओळीला, "सदर नियुक्ती निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची असून कायम सेवेचा कोणताही हक्क राहणार नाही". म्हणजे कायम नाहीच. आपल्याकडे ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, सुप्रीम कोर्टाने २००१ च्या स्टील अथॉरिटी केसमध्ये ते स्पष्ट सांगितलंय, आणि २००६ च्या उमादेवी निकालानंतर भरती प्रक्रिया सोडून मागच्या दाराने कायम होणं अजून अवघड झालं. इंग्लंडमध्ये २००६ चे टुपी म्हणून नियम आहेत, तिथे काम दुसऱ्या मालकाकडे गेलं की नोकरी, पगार, जुनी वर्षं सगळं सोबत जातं. इथे जे कागदावर तेच तुमचं.

पगारात ठोक मानधन पुढे, २४ हजार, ठेकेदाराकडे हातात १७ पडत होते. पण इथे एक मेख आहे, २१ हजारांच्या वर गेलं की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, बंद. वहिनीचे वाशीच्या ईएसआय हॉस्पिटलमधले उपचार चालू आहेत, ते बाहेर करायचे तर हे वरचे पैसे तिकडेच जाणार. घरात आजारपण नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

खरा फरक भांडायची वेळ आली की कळतो. ठेकेदाराचा माणूस असाल तर संस्थेविरुद्ध अनुचित कामगार प्रथेची (मालकाने कामगाराशी केलेल्या बेकायदा वागणुकीची) तक्रार थेट करता येत नाही, आधी मालक-कामगार नातं सिद्ध करा, सिप्ला केसमध्ये २००१ लाच हे ठरलंय. ठोक मानधनावर तो प्रश्नच नाही, ऑर्डरवर सही संस्थेची, वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून हक्क मारले तर ठाण्याच्या औद्योगिक न्यायालयात जाता येतं. ठेकेदाराकडून लढून कुणी जिंकलंच नाही असं नाही, मुंबई महापालिकेच्या २७०० सफाई कामगारांचा ठेका नुसता दाखवण्यापुरता होता हे सिद्ध झालं आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टातही ते टिकलं, पण त्यामागे युनियनची कितीतरी वर्षं गेली. एकट्यादुकट्याला ते झेपत नाही.

मागच्या आठ वर्षांचं मात्र दोन्हीकडे रडगाणंच. ग्रॅच्युइटीला एका मालकाकडे पाच वर्षं लागायची, तीन ठेकेदारांत कुणाकडेच भरली नाहीत, गेली ती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड आलेत, त्यात ठरावीक मुदतीच्या नोकरीला एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे, म्हणून सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरींच्या मध्ये, सलग वर्ष भरलं नाही असं दाखवायला, एक दिवसाचा ब्रेक टाकतात का हे आधीच विचारून घ्या. पीएफ काढून बाइक घ्यायचा त्याचा प्लॅन होता, मी त्याला चांगलाच झापला, पीएफच्या पेन्शनला दहा वर्षं लागतात आणि याची आठ झालीत, त्याच यूएएनवर (पीएफ खात्याच्या कायम नंबरवर) पुढे चालू ठेवलं तर फक्त दोनच उरतात. पासबुक उघडून बघितलं तर मधल्या ठेकेदाराने तीन महिने भरलेलेच नाहीत.

माझं मत, तळोजा नको. तिथे पंप हाऊसशी असलेला धागाच तुटतो आणि कोर्टात दाखवायला तेवढाच तर आहे. ठोक मानधन घ्यावं, फक्त सोबत जे हमीपत्र देतात, "मागील सेवेबाबत हक्क सांगणार नाही" वालं, ते डोळे मिटून सही करायचं नाही. भावाने युनियनवाल्यांना विचारून त्यावर "हक्क राखून सही करत आहे" असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, क्लार्कने दोनदा वर बघितलं पण घेतलं. पोच घेतली, जुने गेटपास आणि हजेरीच्या मस्टरचे मोबाइलवर काढलेले फोटो प्रिंट करून आणले, ते सगळं आत्याच्या कपाटात साडीखाली ठेवलंय.