‘पुट ऑफ’, ‘पोस्टपोन’, ‘डिले’ की ‘डिफर’? कुठे कोणता शब्द चालतो

शब्दकोशात ‘पुट ऑफ’ काढलं की पहिल्याच ओळीत ‘पोस्टपोन’ दिसतो आणि दोन्ही एकच असं समजून आपण मोकळे होतो. मग एखाद्या मेलमध्ये ‘वुई हॅव पुट ऑफ युअर पेमेंट’ असं वाक्य जातं. व्याकरणात खोट काढायला जागा नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की यांना पैसे द्यायचेच नाहीयेत.

मराठीत हा सूर आपल्याला न शिकवता कळतो. सभा ‘पुढे ढकलली’ म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. ‘चालढकल चाललीये’ म्हटलं की कुणाच्या तरी माथी खापर फुटतं. ‘रखडलं’ म्हटलं तर कुणी मुद्दाम रखडवलं असंच काही नाही, आणि ‘तहकूब’ हा शब्द सभागृहाबाहेर फारसा फिरकत नाही. इंग्रजी शब्द निवडताना मी आधी मनात विचारते, इथे मराठीत मी यातलं काय म्हटलं असतं?

‘पुढे ढकललं’ असं उत्तर आलं तर ‘पोस्टपोन’. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. कुणीतरी ठरवून, उघडपणे कार्यक्रम नंतरवर ठेवलाय. नवी तारीख दिलेली असते, निदान द्यायची आहे असं गृहीत असतं. परीक्षा, बैठक, लग्न, सामना, काहीही चालतं. औपचारिक मेलमध्ये शंका असेल तेव्हा हाच घ्यावा.

‘चालढकल’ आलं तर ‘पुट ऑफ’. सामना किंवा बैठक ‘पुट ऑफ’ झाली असं बोलण्यात सरळपणेही म्हणतात, त्यात टोमणा नसतो. पण कर्ता माणूस असला आणि काम नकोसं असलं, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाणं, कराचे कागद भरणं किंवा कुणाला तरी अवघड फोन करणं, की शब्दाचा रंग बदलतो. ‘आय कीप पुटिंग इट ऑफ’ यात कबुली आहे. तिथे ‘पोस्टपोन’ घातलं तर फोन न करण्याचा ठराव रीतसर मंजूर झाल्यासारखं वाटतं.

याच घरातला ‘प्रोक्रॅस्टिनेट’. त्याच्या पोटात लॅटिन ‘क्रास’, म्हणजे ‘उद्या’, बसलाय. फरक असा की ‘पुट ऑफ’ला कर्म लागतं, काय पुढे ढकललं ते सांगावं लागतं, ‘प्रोक्रॅस्टिनेट’ एकटा उभा राहतो, कारण तो एका कामापेक्षा सवयीबद्दल बोलतो. ‘आय प्रोक्रॅस्टिनेटेड द रिपोर्ट’ हे म्हणूनच कानाला खटकतं.

‘डिले’मध्ये कुणी ठरवलेलं असेलच असं नाही. धुक्यामुळे विमान ‘डिलेड’ असतं. पावसाच्या दिवशी स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाला हा फरक चांगला कळतो: सामना ‘डिलेड’ म्हणाले तर जागेवर थांबायचं, ‘पोस्टपोन्ड’ म्हणाले तर उठून घरी जायचं आणि नव्या तारखेची वाट बघायची, ‘कॉल्ड ऑफ’ म्हणाले तर विषयच संपला. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द. ‘ऑफ’ दोन्हीकडे आहे म्हणून त्याची ‘पुट ऑफ’शी गल्लत होते आणि समोरच्याची बरीच धावपळ होऊ शकते.

‘डिफर’ संस्थांचा शब्द आहे. हप्ता, प्रवेश, निर्णय ‘डिफर’ होतात. मित्राबरोबरची कॉफी होत नाही. एक खड्डा मात्र आहे. ‘डिफर टू’ म्हणजे कुणाच्या मताला मान देऊन आपलं मागे घेणं, त्याचा पुढे ढकलण्याशी संबंध नाही. दोन्हींची नामंही वेगळी आहेत, ‘डिफरल’ आणि ‘डेफरन्स’. त्यातही दुसरं ‘फरक’ या अर्थाच्या ‘डिफरन्स’शी घोटाळा करतं, कारण आघात दोन्हींत पहिल्याच अक्षरावर असतो, फक्त तिथला स्वर वेगळा. ‘अॅडजर्न’ म्हणजे तहकूब: सुरू झालेलं कामकाज मध्येच थांबवणं. न्यायालयात तारीख पडते तेव्हाही हाच शब्द येतो.

उलट दिशेची पंचाईत वेगळीच. बैठक अलीकडे घ्यायची तर आपण ‘प्रीपोन’ म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे, भारतीय इंग्रजीत पक्का रुळलाय, मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. पण परदेशी माणसाला तो कळेलच असं नाही, त्याला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहावं. ‘मूव्ह फॉरवर्ड’ मात्र टाळावं. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली असं सांगितलं तर काही इंग्रजी भाषकांना ती सोमवारी वाटते, काहींना शुक्रवारी. सरळ वार लिहावा.

इथपर्यंत ‘पुट ऑफ’ला पर्याय होते. ‘मन उडणं’ या अर्थात मात्र त्याची जागा घेणारा एकही शब्द नीट बसत नाही. पदार्थाच्या वासाने जेवणावरची इच्छा गेली, तर ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’. ‘डिस्गस्ट’ म्हणजे किळस, ते फार झालं. ‘डिटर’मध्ये परिणामाची भीती असते, दंडामुळे माणूस ‘डिटर’ होतो. ‘डिस्करेज’मध्ये उमेद खचते किंवा कुणी ‘नको’ असं सुचवतं. ‘डिस्वेड’ला तर वाद घालून मन वळवणारा माणूस लागतो. ‘पुट ऑफ’ला यातलं काही नको. सुरेख पुस्तकाचं मुखपृष्ठ भडक असलं किंवा मुलाखतीत समोरच्याचा आवाज चढेल लागला, तरी ‘आय वॉज पुट ऑफ’ पुरतं. याचंच विशेषण ‘ऑफ-पुटिंग’: सौम्य, पण नापसंती पोचवणारं.

उरलेले दोन अर्थ पटकन. ब्रिटिश इंग्रजीत ‘यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणजे माझं लक्ष विचलित करतोयस. इथे ‘डिस्ट्रॅक्ट’ कुठेही चालतो. आणि सबबी सांगून माणसालाच टोलवणं, ज्याला ‘फॉब ऑफ’ किंवा ‘स्टॉल’ही म्हणतात. त्यातला ‘फॉब ऑफ’ जास्त झोंबतो, कारण त्यात काहीतरी थातुरमातुर हातावर टेकवून वाटेला लावल्याचा वास येतो.

रचनेतल्या दोन गोष्टी सांभाळाव्या. सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ नाही. ‘पुट द मीटिंग ऑफ’ आणि ‘पुट ऑफ द मीटिंग’ मात्र दोन्ही ठीक. दुसरं, पुढे क्रियापद आलं तर ‘गोइंग’, ‘रायटिंग’ असं रूप येतं. ‘पुट ऑफ टू गो’ चुकतं. ‘पोस्टपोन’ आणि ‘डिले’चंही तसंच.

आणि दिवा घालवायला ‘पुट ऑफ द लाइट’ म्हणायची आपल्याकडची सवय? इंग्रजीत ‘पुट ऑफ’चा जुना अर्थ अंगावरचं काढून ठेवणं असा होता, 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये मोशेला पायातले जोडे ‘पुट ऑफ’ करायला सांगितलं आहे. आजच्या प्रमाण इंग्रजीत दिव्याला ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ लागतो. मेणबत्ती आणि आग ‘पुट आउट’ होते.