लकव्यानंतर बाबांच्या हाताला टेप : आठ महिन्यांचा अनुभव

दसऱ्यानंतर बाबांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत काठीवर आला, हात मात्र मूठ वळून बसला, अंगठा आत. नखं कापायची तर आई एकेक बोट सोडवायची, सोडलं की ते परत आत. डिसेंबरात तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टनं ताणली जाणारी टेप, किनेसिओ टेप म्हणतात ती, लावून दिली. "चिकटपट्टीनं हात चालते होय?" बाबांचा पहिला प्रश्न.

औषध त्यात नसतं. सुती पट्टी, मागे गोंद, 5 सेंटिमीटर रुंद, 5 मीटरचा रोल. 1970 च्या दशकात जपानच्या केन्झो कासे यांनी काढलेली. खेळाडूंच्या खांद्यावर निळी-गुलाबी दिसते तीच. आमची कोपराच्या बाहेरून मनगटावरून पंजाच्या मागे येते, पुढे चार फाटे करून बोटांवर. दोन्ही टोकं ताण न देता चिकटवायची, मधे हलकासा ताण. कोपरे गोल कापायचे, नाहीतर सदऱ्याच्या बाहीत अडकून उचकटतात. लावल्यावर तळव्यानं घासायची, उष्णतेनं गोंद धरतो.

खरं भांडण तेलाचं झालं. लकवा म्हणजे मालिश, हे आईच्या डोक्यात पक्कं. मालिश केलेल्या हातावर टेप तासभरही टिकेना. शेवटी ठरलं : टेप चार दिवस, मग खोबरेल लावून केसांच्या दिशेनं हळू सोडवायची, एक दिवस मालिश, मग साबणानं धुऊन कोरडा करून पुन्हा टेप. मार्चपर्यंत बरं चाललं. एप्रिल-मे मात्र हाल. पारा 45 वर, कूलर लाइट असेल तोवर, घामानं दुसऱ्याच दिवशी कडा सुटायच्या. मेमध्ये बंदच ठेवली.

एकदा मीच शहाणपणा करून जास्त ताणून लावली. मनगटाजवळ फोड आले, बाबांना कळलंच नाही, त्या हाताला जाणीव कमी आहे. तेव्हापासून रोज सकाळी कडेची कातडी बघतो. साखर असलेल्यांनी तर जास्तच जपावं.

फरक पडला का? थेरपिस्टनं आधीच सांगितलं होतं, अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत, व्यायामाच्या जोडीनंच लावा. फेब्रुवारीत घरातल्या लग्नात पंधरा दिवस व्यायाम बुडाला. टेप होती, तरी मूठ पुन्हा घट्ट. पण टेप असली की बोटं थोडी उघडी राहतात, व्यायामाला हात धरता येतो, हे नक्की. जानेवारीत आईनं तुरीच्या शेंगा पुढ्यात ठेवल्या होत्या, डाव्या हातानं धरायच्या, उजव्यानं सोलायच्या. पहिल्या दिवशी चार झाल्या. महिनाभरात वाटीभर दाणे निघायला लागले, अर्धे खाटेखाली.

रोल मी चारशेच्या आसपास आणतो, गावात मिळत नाही. स्वस्तातला एक घेतला होता, त्याचा गोंद कातडीवरच राहिला.

सध्या चौथा रोल सुरू आहे. पाण्याचा गडू धरतात, सोडायला वेळ लागतो. सदऱ्याची बटणं अजून आईच लावते.